बंडोपंतांची हरवलेली दुपार

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि बंडोपंत म्हणाले, "शुभ सकाळ, केतकी! आजची हॅचरीची फेरी अजून व्हायची आहे."

केतकी चक्रावलीच. बंडोपंत म्हणजे भाटकरांच्या घरचा संगणक. साल होतं २०५८. संगणक घरातल्या माणसासारखे बोलत, बाबांशी सोलकढीतल्या मिठावरून वादही घालत. पण लाइट मात्र अजूनही जायची ती जायचीच. आज बाराला गेली ती सव्वापाचला उगवली होती.

"फेरी झाली की! मी माइकवरून तीन खड्ड्यांचे नंबर सांगितले तुम्हाला. तिथली वाळू खचली होती!"

"माझ्याकडे तशी नोंद नाही."

घरामागे किनाऱ्यावर कासवांची हॅचरी होती. चाळीस खड्डे आणि प्रत्येकात शंभरेक अंडी. वाळूत बसवलेली यंत्रं खाऱ्या हवेने गंजत, म्हणून खड्डे डोळ्यांनीच बघावे लागत. वर वाळू खचली, की त्या संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी पिल्लं बाहेर येणार हे ठरलेलं. त्यावर टोपली पालथी घालायची, नाहीतर पिल्लं सैरावैरा पळतात आणि कावळे टपलेलेच असतात. टोपल्या होत्या सहा. आणि दुपारच्या वाऱ्याने सगळी वाळू सपाट करून टाकली होती.

नंबर कुठले होते? नऊ? एकोणीस? की एकोणतीस? जेवण झालं, वर झोपही झाली, आता आठवणार काय, कपाळ?

"बरं, माझं पहिलं पिल्लू कोणतं?" तिने बंडोपंतांना विचारलं.

"चिंगळी. तीन वर्षांपूर्वी, सतरा एप्रिल. पुढचा उजवा पाय जरासा आखूड."

तीन वर्षांपूर्वीचा पाय आठवतो आणि आज दुपारचं आठवत नाही! "आत्या," केतकी ओरडली, "बंडोपंतांना वेड लागलंय!"

सुलूआत्या अठ्ठावीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून निवृत्त झालेली. लाइट आल्याबरोबर केतकी बटणाकडे धावली, तेव्हा तिचा हात धरणारी आत्याच. "थांब गो! गावातले पंप, फ्रीज सगळे एकदम सुरू होतात. विजेचा दाब (तारेतून वीज ज्या जोराने ढकलली जाते तो जोर) उसळ्या मारतो. जाणाऱ्या विजेपेक्षा येणारी वाईट. पंधरा मिनिटं प्लग काढूनच ठेव." ती पंधरा मिनिटं केतकीने नखं खाऊन काढली होती.

"वेड नाही लागलेलं," आत्या आता म्हणाली. "हे आकडे घोकत राहा. सात, दोन, नऊ, चार, चार, एक, आठ."

केतकी पुटपुटू लागली. तोच आत्या किंचाळली, "पायाशी खेकडा!" केतकी टुणकन खुर्चीवर!

"आता आकडे सांग."

"सात, दोन... आत्या, गेले ना!"

"आणि शाळेचं नाव? तेही गेलं?"

ते कसं जाईल?

"बंडोपंतांचंही तसंच. त्यांच्या दोन आठवणी. एक कार्यस्मृती (काम चालू असताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवायची जागा). तिथे वीज म्हणजेच घोकणं. वीज थांबली, घोकणं थांबलं, सगळं पुसलं. दुसरी साठवण (वीज नसतानाही टिकणारी जागा). चिंगळी तिथे आहे."

"मग सगळं लगेच साठवणीत का नाही ठेवत?"

"ठेवतात, दर थोड्या वेळाने. म्हणून तर 'लिहून झालं' म्हणेपर्यंत थांबायचं. तू थांबलीस?"

केतकी कुठली थांबायला! भूक लागली होती, तिने माइक खिशात कोंबला होता.

"पण लाइट गेल्यावर सगळं ठेवून घ्यायला यूपीएस (काही मिनिटं संगणक चालवणारी बॅटरीची पेटी) आहे ना आपल्याकडे?" असं म्हणत आत्याने टेबलाखाली वाकून बघितलं. यूपीएसला मिक्सर जोडलेला होता.

"सोलकढीला नारळ वाटायचा होता," बाबा दारातूनच म्हणाले.

"छान वाटलात!" आत्याने बंडोपंतांना नीट बंद केलं, मिक्सर उपटून त्यांचा प्लग तिथे लावला आणि त्यांना पुन्हा सुरू केलं. "बंडोपंत, कच्ची प्रत बघा हो." मग केतकीकडे वळून म्हणाली, "मुख्य वहीत लिहिण्याआधी हे बाजूला खरडून ठेवतात. बघू त्यातलं काय शिल्लक आहे."

बंडोपंतांनी बराच वेळ शोधलं. "सापडलं. खड्डा नऊ. खड्डा सव्वीस. खड्डा..."

"पुढे?"

"पुढे काही नाही. तिथेच लाइट गेली असावी. माफ कर, केतकी."

केतकीला रडूच आलं. शंभर पिल्लं, तिच्या एका घाईपायी! आत्याने तिच्या हातात टोपल्या दिल्या. "रडायचं ते नंतर रड. चल."

नऊ आणि सव्वीसवर टोपल्या बसल्या. उरले अडतीस खड्डे, आत्या, केतकी आणि एक अपराधी बाबा. तिघांनी रांगा वाटून घेतल्या. सुरूच्या झाडांवर कावळे जमले होते. सूर्य खाली चालला तशी केतकीला सगळीच वाळू हलताना दिसू लागली. हा हलला? नाही, तो वारा. मग तो? तो तर खेकडा, आणि या वेळी खराखुरा!

आणि मग एके ठिकाणी वाळू उकळी आल्यासारखी फुटली. इवलंसं काळं डोकं वर आलं. त्यामागे दुसरं, तिसरं.

"बाबा! टोपली!"

एक कावळा झेपावला, पण त्याच्याआधी बाबा पोचले. खड्डा एकतीस.

थोड्या वेळाने आत्या आणि बाबा पिल्लांचं घमेलं घेऊन पाण्याकडे निघाले. केतकीचे पाय शिवशिवत होते. तरी ती थांबली, माइक तोंडाशी धरून. "बंडोपंत, खड्डा एकतीस."

या वेळी तिने माइक खिशात कोंबला नाही.

"लिहून झालं. एक प्रत शाळेच्या संगणकावरही पाठवली."

"यातली एखादी पंधरा वर्षांनी इथे अंडी घालायला आली, तर आजची नोंद सापडेल?"

"मी नसलो तरी सापडेल," बंडोपंत म्हणाले. "आता पळ!"