नाव सुचवण्याआधी

"मावशी, हात जरा सैल सोडा… घाबरताय कशाला?"

"म्या कशाला घाबरू? तूच घाबरतुयास!" फुलाबाई म्हणाली, आणि खोडदच्या शाळेच्या व्हरांड्यातली सगळी रांग खो खो हसली.

हसली नाही ती फक्त तिची भाची, प्रतीक्षा. शिनोलीहून ती चार दिवस मावशीकडे राहायला आली होती आणि नारायणगावच्या एका दवाखान्यानं भरवलेल्या या शिबिरात मावशीला साखर तपासायला घेऊन आली होती. समोरच्या तरुण ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, दोनदा सुई टोचली होती, पण शीर काही सापडत नव्हती. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता.

तिला राहवेना. "मी बघू का?"

"तुम्ही?"

"नर्सिंग झालंय माझं, जीएनएम."

तो निमूट उठला. हातमोजे तिच्यापुढे धरले. प्रतीक्षानं मावशीचा दंड खाली घेतला, कोपराच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि टोमॅटोला यंदा काय भाव मिळाला ते विचारलं. मावशी भावावरून व्यापाऱ्याला शिव्या घालेपर्यंत नळी भरलीसुद्धा.

"आता गं बया! कळलंबी न्हाई!"

त्यानं नळीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. जरा जास्तच वेळ.

"सिस्टर, कुठल्या हॉस्पिटलला असता?"

"घरी."

"…घरी?"

त्या एका शब्दात त्याला इतकं खरंखुरं वाईट वाटलेलं दिसलं, की तिलाच हसू आलं.

त्याचं नाव आदेश. गाव येडगाव. मावशीचा रिपोर्ट पाठवायचा म्हणून त्यानं नंबर घेतला. रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी आला. मेसेज मात्र थांबले नाहीत. मावशी गोळ्या घेतात का? मावशी चालायला जातात का? शेवटी प्रतीक्षानंच लिहिलं, 'मी पण बरी आहे, विचारलं नाहीत म्हणून सांगितलं.'

मग नारायणगावच्या स्टँडबाहेर चहा झाला. मग येडगावच्या धरणावर… पाण्यावरून भुरभुर पाऊस यायचा, तिच्या केसांवर बारीक थेंब बसायचे, आणि तो बोलता बोलता वाक्य विसरायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

तिनं त्याला सगळं सांगितलं. मंचरला ज्या छोट्या दवाखान्यात ती होती, तो बंद पडला. तेव्हापासून ती अर्ज करतेय आणि लोक म्हणतायत, 'कळवतो.' कुणी कळवत नाही. आत कुणी ओळखीचं असलं की त्या मुलीला मात्र बोलावणं येतं.

"आमच्याकडे पण तसंच आहे," आदेश म्हणाला. "जागा निघाली की मॅट्रन मॅडम आधी स्टाफला विचारतात, कुणी माहितीतलं आहे का?"

"म्हणजे वशिला."

"वशिला नाही, ओळख. वशिल्याचं माणूस वाईट निघालं तर कुणाचं काही जात नाही. आम्ही सुचवलेलं वाईट निघालं, तर आमची मान खाली जाते."

"आणि ज्यांना ओळखच नाही त्यांनी काय करायचं राव?"

"इथं आमचं चुकतंच," तो म्हणाला. ते तिला आवडलं.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. "जागा निघालीये. लगेच अर्ज टाक."

"टाकते! तू सांगशील ना माझं नाव?"



"…नाही."

तिनं फोन ठेवून दिला. अर्ज मात्र पाठवला. भाकरी थापताना, भांडी घासताना तो 'नाही' तिच्या कानात ठणकत राहिला. आपलं काम त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं… तरी?

दुसऱ्या दिवशी शिनोलीच्या फाट्यावर तो उभा होता. मोटारसायकल चिखलानं माखलेली, अंगावरचा रेनकोट गळत होता.

"इकडं घोडेगावला काम होतं का?" तिनं कोरडेपणानं विचारलं.

"तुझ्याकडेच होतं." त्यानं हेल्मेट काढलं, हातात घट्ट धरलं. "प्रतीक्षा, काल 'नाही' म्हणालो, कारण नाव सुचवलं की मॅडम पहिला प्रश्न विचारतात, ही तुझी कोण? ओळखीची म्हणलं, तर खोटं. मैत्रीण म्हणलं… तर अर्धंच खरं. आणि जे पूर्ण खरंय, ते त्यांना आधी सांगू अन् तुला नंतर?"

रस्त्यावरून एक जीप गेली. दोघांवर पाणी उडालं. कुणी हललं नाही.

"मग मला सांग आधी," ती हळूच म्हणाली.

"मला तू आवडतेस. लई. नोकरी लागो, न लागो… तुझं उत्तर काहीही असो, नाव मी सुचवणारच. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही, एवढंच सांगायला आलो."

तिनं ओढणीचं टोक त्याच्या कपाळावरचं पाणी टिपायला पुढे केलं. "तू मॅडमना पूर्ण खरं सांग," ती म्हणाली. "माझी हरकत नाही."

मॅट्रन मॅडमनी ऐकून घेतलं आणि मुलाखतीच्या दिवशी आदेशला वरच्या मजल्यावर धाडून दिलं. प्रतीक्षाच्या शेजारी आहुप्याकडची स्वप्ना बसली होती. तिला कुणाचीच ओळख नव्हती. जाहिरात वाचून आली होती. दोघींना एकेक पेशंट दिला. स्वप्ना कण्हणाऱ्या म्हातारीला कूस बदलून देताना इतकी अलगद होती, की प्रतीक्षा स्वतःचं काम विसरून पाहत राहिली.

जागा प्रतीक्षाला मिळाली. तिनं धीर करून विचारलं, "मॅडम, आदेशच्या शब्दावर घेतलंत का मला?"

"त्याच्या शब्दावर तुला बोलावलं. घेतलं ते काम बघून. पण अर्ज ढीगभर होते बाई, बोलावणंच बऱ्याच जणींना गेलं नाही. स्वप्नाचा माझ्या हाताला लागला, हे तिचं नशीब." आणि मग सक्त आवाजात, "दोघांना एका वॉर्डात ड्युटी मिळणार नाही."

दिवाळीनंतर दुसरी जागा निघाली तेव्हा प्रतीक्षानंच स्वप्नाचं नाव सांगितलं. मॅडमना तिनं सांभाळलेली ती म्हातारी आठवत होती. स्वप्ना रुजू झाली.

आता दोघांच्या पाळ्याही वेगळ्या होत्या; आदेश आत यायचा तेव्हा प्रतीक्षा बाहेर पडायची. जिन्याशी दोघांची गाठ पडायची, तेवढंच. एका दुपारी तो जिन्यातच अडून उभा राहिला.

"शिनोलीला येऊ का? तुझ्या आप्पांना भेटायला?"

"रविवारी ये. बुद्धविहारात वंदना असते, सगळी वस्ती जमते."

"सगळ्यांसमोर?" त्याचा आवाज बारीक झाला.

प्रतीक्षानं त्याची कॉलर सरळ केली, दोन पायऱ्या उतरली आणि मागं वळून हसली.

"सगळ्यांसमोर. आणि तुझ्या आईला पण घेऊन ये."