म्हाताऱ्याच्या मनगटावरची झोप

दिवा बारीक करा. आणि तू, पाय पांघरुणात घे आधी.

समोरच्या बिऱ्हाडात रात्रीच्या बसचा ड्रायव्हर राहायचा ना, त्याचं सांगते. एका संध्याकाळी त्याची बायको माझ्याकडे कापूस मागायला आली. म्हटलं, "काय गं, कोणाला लागलं?"

"मामंजींच्या मनगटाला. पट्टी काचतेय."

पट्टी म्हणजे ती घड्याळासारखी, झोप मोजून मोबाइलवर दाखवणारी. कंपनीने सगळ्या ड्रायव्हरांना दिलेली. दिवसा झोप पुरी झाली नाही, तर रात्री गाडी मिळायची नाही. पण हे ड्रायव्हरसाहेब दिवसा चोरून टेम्पो चालवायचे, मग झोपणार कधी? पट्टी बांधली अंथरुणाला खिळलेल्या बापाला! आधी उशीला बांधून पाहिली म्हणे, पण तिला माणसाची कातडी लागते. आणि झोप बरोबर मोजायची, तर करकचून बांधावी लागते.

म्हातारा विव्हळायचा, "काढ रे, आग होतेय."

"झोपा बाबा गुपचूप. तेवढं एकच काम आहे तुम्हाला."

पट्टीखाली घाम साचला. कातडी पांढरी पडली, मग पू झाला. मी बघायला गेले तर असा भपकारा आला, की हातातला चहा तसाच खाली ठेवला.

थोड्याच दिवसांत म्हातारा गेला. पट्टी ओढली तर तिच्यासंगं सालपटही आलं. या मेल्याने ते नखाने खरवडून काढलं, पट्टी धुतली आणि रिकाम्या खाटेवर टाकली. दुसऱ्या दुपारी मोबाइल बघतो, तर काय? गाढ झोप!

"आजी, घाबरला नाही तो?"

"घाबरतोय! बायकोला हसत म्हणाला, बघ, म्हातारा अजून कामावर येतोय."

शी! शिसारी येते मला त्या हसण्याची.

मग रोजचंच झालं. पट्टी खाटेवर ठेवायची, वर पांघरूण घालायचं, दार ओढून घ्यायचं. रात्री गाडी हजर.

मग ती रात्र. सुट्टीची, रविवारची. थंडी मी म्हणत होती. दोघं जेवत होते. मोबाइल वाजला. बायकोने वाचलं.

'जागे.'

"बिघडली असेल..." तो म्हणाला.

मग छातीचे ठोके दिसू लागले. साठ. नव्वद. एकशेतीस.

तो उठला. खोलीचं दार ढकललं. उघडेना.

"बाबा?"

त्याने दाराला खांदा लावला.

"बाबा, दार उघडा..."

फटीतून नुसता वास. तोच.

सकाळी सुतार बोलावून दार फोडलं. खोलीत कोणी नाही. खिडकीला गज. पट्टी खाटेवर, बंद पडलेली. सोमवारी रात्री डेपोने त्याला गाडी दिली नाही, पुढेही कधी दिली नाही. ते जाऊ दे.

सुतार माझ्या ओट्यावर पाणी प्यायला बसला होता. म्हणाला, "आजी, कडी आतून लावलेली होती. आणि कडीवर सालपट चिकटलेलं..."

हात पँटला पुसत होता. पाणी संपलं, तरी पुसतच होता.