दर तासाला चाळीस सेकंद

हे घडलेले आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल वाद घालावा. मीही सोमनाथशी तासभर घातला होता, आणि हरलो.

गेल्या कार्तिकातला शनिवार. दुपारचे दोन. लख्ख ऊन. भाटघर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खासगी रुग्णवाहिका सेवेचे संगणक केंद्र होते, तिथली ही हकीकत.

मदतीसाठी येणारा प्रत्येक फोन तिथल्या मेनफ्रेमवर साठवला जाई. यंत्र दर तासाला आपोआप बॅकअप घेई. पण साऱ्याची नक्कल करीत नसे. मागच्या तासानंतर जेवढे बदलले, जेवढी भर पडली, तेवढेच उचली. सात दिवस झाले की जुना संच आपोआप पुसला जाई. या साऱ्याची राखण सोमनाथकडे होती.

त्या दिवशी तो सहा वाजण्याची वाट पाहत होता.

आठवड्यापूर्वी हिर्डोशीच्या म्हादू मेंढक्याने फोन केला होता. सगळ्या लाइन व्यस्त होत्या. माणसाने ऐकले नाही, यंत्राने टिपले.

चाळीस सेकंद.

"संपत मारतुया... मेंढरं नाचणीत गेली म्हून... कुऱ्हाडीच्या तुंब्यानं..."

मग कुऱ्हाडीच्या बोथट पाठीने हाड फुटल्याचा आवाज. एकदा. दुसऱ्यांदा. तिसरा ओला होता.

प्रेत ओढ्यात सापडले. कड्यावरून पडून दगडांवर आपटला, असे ठरले.

संपत हा सोमनाथचा थोरला भाऊ. सोमनाथने मूळ फाइल पुसून टाकली. जुन्या संचातल्या नकलेला मात्र त्याला हात लावता येत नव्हता. ती सहा वाजता आपसूक जाणार होती. तोवर म्हादूचा आवाज परत आणता येत होता. सहानंतर ब्रह्मदेवालाही नाही.

दोनच्या बॅकअपने एकच बदल दाखवला...

म्हादूची फाइल.

पुसलेल्या फाइलीत भर कशी पडेल? त्याने हेडफोन कानाला लावला.

श्वास. फुटक्या नाकातून यावा तसा. कुणीतरी उठून बसत होते. चाळीस सेकंद, आणि संपले.

तीनला आणखी चाळीस. पाण्याबाहेर निघणारी पावले... मागून दगडांवर फरफटणारे लोखंड.

चारला मेंढ्याच्या गळ्यातली घंटा. पण मेंढरू एकही ओरडत नव्हते. पाखरूही नाही. फक्त नाचणीची धाटे मोडत होती.

पाचला कोंबड्या कलकलल्या, आणि एक बाई म्हणाली...

"कोन हाय रं तितं?"

ती संपतची बायको होती. साधना.

सोमनाथने भावाला फोन लावला.

"दादा, घरी हायस का?"

"न्हाई, इंग्लंडात हाय. हितं वसरीवर तंबाखू मळतोय. का रं?"

"दारात कोन आलंय?"

"तुजी वहिनी आत्ताच वरडून आली. कुत्रं बी न्हाई."

"दादा, म्या ती फाइल परत ठिवतो. तू पोलिसांत जा. आत बसशील, पर जित्ता ऱ्हाशील."

संपत मोठ्याने हसला. "मेलेलं मेंढकं चालत येतंय व्हय? लई शिकलास बाबा! गप सहा वाजू दे. हात लावलास, तर तू माजा भाऊ न्हाईस."

फाइल परत आणण्याचा आदेश पडद्यावर लिहून तयार होता. एक कळ दाबायची उरली होती.

सहाला दोन मिनिटे असताना सोमनाथने कळ न दाबताच बोट उचलले.

सहा वाजले. जुना संच गेला.

मग नवा बॅकअप आला. एक बदल.

कडी घातल्याचा आवाज... आतून.

"म्हादू... ऐक... म्हादूदादा—"

पहिला घाव. दात फरशीवर सांडले. दुसऱ्याला संपत लहानपणी ओरडायचा तसा ओरडला, "सोमाऽऽ!"

तिसरा ओला होता.

फोन वाजला. "भावजी, दार उघडंना वो... उंबऱ्याखालनं रगात येतंय!"

दार फोडावे लागले. आत संपत एकटाच होता. डोक्याला तीन जखमा. कुऱ्हाड खुंटीला, कोरडी ठणठणीत.

सोमनाथने नोकरी सोडली. मी त्याला म्हणालो, यंत्राचा दोष असेल. तो एवढेच म्हणाला, "सुप्रियाला विचारा." सुप्रिया ही त्याच्या जागी आलेली मुलगी. तिने मला पडदा दाखवला.

दर तासाला एक बदल. अजूनही.

पावले आता डांबरी रस्त्यावर होती.

चाळीस सेकंदांत माणूस पन्नासेक पावले चालतो. तासाला तेवढीच, म्हणजे दिवसाला जेमतेम किलोमीटर. हिशेब मी दोनदा करून पाहिला. संपत गेला त्याला आता महिना उलटून गेला, आणि हिर्डोशीहून भोर तेवढ्याच दिवसांच्या वाटेवर.

काल दुपारी सुप्रियाचा फोन आला. नव्या तुकड्यात पावलांमागे एक घोषणा ऐकू येते. भोर बसस्थानकातली, महाडच्या गाडीची.

सोमनाथचे घर स्थानकामागच्या आळीत आहे.

मी त्याला अजून काही कळवलेले नाही. कळवून तरी काय होणार?

परत ठेवण्यासारखे आता काहीच उरलेले नाही.