चौथ्या चाकाची हवा

मोबाईल खिशात घाला, मग सांगतो. अकोल्याच्या रशीद मिस्त्रीच्या बाबतीत खरंच घडलेलं आहे हे. यंदाचा माघ, बुधवार, रात्रीचे साडेआठ.

गहिनीनाथनं त्याच्या गॅरेजवर आपला जुना ट्रक आणला होता. ब्रेकचा मागचा पाइप बदलून झाला होता, आत शिरलेली हवा तेवढी काढायची होती. पहाटे गहिनीनाथच्या लेकीचं, मोनिकाचं वऱ्हाड, चाळीस माणसं, याच ट्रकनं घाट उतरणार होतं. दोघांचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

हे काम एकट्याचं नाही. गहिनीनाथ केबिनमध्ये पेडल मारी, रशीद खाली पडून चाकाजवळचं हवा सोडायचं निप्पल सैल करी.

"मारा... मारा... धरा!"

"धरलं!"

की निप्पलला लावलेल्या नळीतून बाटलीत हवेचे बुडबुडे येत. पूर्वी पेडलवर याच ट्रकचा आसाराम ड्रायव्हर असायचा. तोंडात कायम तंबाखू, म्हणून "धरलं" म्हणायच्या ऐवजी तो दाराचा पत्रा दोनदा वाजवी. मोनिकाला त्यानं मांडीवर बसवून गावभर फिरवलेलं. बिचारा दिवाळीत दम्यानं गेला.

तीन चाकं झाली. वरच्या डबीतलं ब्रेकचं ऑईल तळाला गेलं असणार आणि डबी रिकामी पडली की पाइपात पुन्हा हवा शिरते, हे रशीदला कळत होतं. पण जुना कॅन संपला होता आणि नवा फोडायचा त्यानं कंटाळा केला. चौथं चाक पुढचं, ड्रायव्हरच्या दाराखालचं, तेवढं राहिलं.

रशीद बाहेर सरकत म्हणाला, "बास झालं. मागच्या पाइपाची हवा पुढं कशाला येतीय? उतरा खाली."

वरून दाराचा पत्रा वाजला.

ठक. ठक.

"गहिनीनाथभाऊ, मस्करी नका करू..."

ठक. ठक.

नाइलाजानं तो खाली सरकला. पाना लावला. भस्सकन हवा आली. घाटात हीच हवा नडली असती.

पुन्हा ठक, ठक. पुन्हा हवा.

रशीद "मारा" म्हणतच नव्हता. तरी पेडल चालूच...

मग नुसतं ऑईल आलं. पत्रा गप्प झाला.

"मिस्त्री, झालं का?"

आवाज रस्त्यावरून आला. गहिनीनाथ चहाचे दोन ग्लास घेऊन येत होता. "तिसरं चाक झाल्यावर सांगून गेल्तो की. ऐकलं न्हाई व्हय?"

रशीद ट्रकखालून बाहेर आला. उठून बघितलं. केबिनमध्ये कुणी नाही. हातानं पेडल दाबलं. एकदम घट्ट. मग डबीचं झाकण काढलं...

काठोकाठ भरलेली.

वऱ्हाड सुखरूप उतरलं, मोनिका नांदायला गेली. तो नवा कॅन रशीदनं तसाच फळीवर ठेवलाय. जाऊन बघा. त्याचं सील अजून फुटलेलं नाही.