आधी हात, डॉक्टर!

पाच नंबरच्या खाटेवरून तो नवा डॉक्टर सरळ चार नंबरकडे वळला आणि मी त्याचं मनगटच धरलं. ओळख ना पाळख!

“हात!” मी ओरडले.

“धरलाय की तुम्ही,” तो हसून म्हणाला.

अस्सा राग आला! पाच नंबरच्या काकांच्या जखमेत, एक सोडलं तर कुठल्याच औषधाला न जुमानणारे जंतू होते. चार नंबरच्या मावशींचं कालच पोटाचं ऑपरेशन झालेलं, त्यात साखर वाढलेली. काकांना वेगळी खोली द्या म्हणून सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. ते जंतू मावशींपर्यंत पोचले, तर त्या काही वाचत नाहीत.

“कोण हात धुतं, कोण नाही, ते लिहून ठेवणं माझं काम आहे, डॉक्टर.”

“माझंही लिहिणार?”

“तुमचंच जास्त.”

मग आठवडाभर काय हात धुतले त्याने! बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं... आणि मधूनच माझ्याकडे एक नजर. मी वहीत खूण करायची आणि — खोटं कशाला बोलू — गुदगुल्या व्हायच्या.

शनिवारी बेसिनपाशी तो पुटपुटला, “एक सांगू? तुम्ही वॉर्डात असलात ना... की मी एकदाही विसरत नाही.”

मी लाजणारच होते. तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला.

“आणि मी नसते तेव्हा?”

त्याचा चेहरा उतरला. “तेव्हा... घाई असते हो...”

“जंतू काय मला बघून पळतात? तिकडे मावशींच्या जिवाशी खेळ, आणि इकडे मला लाडीगोडी! बोलूच नका माझ्याशी.”

दोन दिवस तो खरंच बोलला नाही. शहाणाच! मला जेवण गोड लागेना, तो भाग वेगळा.

मंगळवारी माझी सुट्टी. तरी दुपारी जाऊन चादरींच्या कपाटाआड उभी राहिले. मोठे सर राउंडवर आले. त्यांच्यापुढे अख्खा वॉर्ड चळचळा कापतो, आणि याला नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्याच सहीसाठी पडून होता. सरांनी काकांची जखम पाहिली, हातमोजे काढले आणि थेट मावशींच्या पट्टीकडे निघाले.

“सर...” तो आडवा आला. “आधी हात.”

सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बेसिनकडे गेले. परत येऊन पट्टी सोडली — जखम स्वच्छ होती. जाताना मात्र म्हणाले, “तुमच्या कागदावरच्या सहीचं बघू नंतर.”

मी कपाटाआडून बाहेर आले. तो दचकलाच.

“तुम्ही? आज तर सुट्टी...”

“गप्प बसा!” माझे डोळे भरून आले होते. “नोकरी गेली तर मी घरी काय सांगू — जावई काय करतो म्हणून?”