कोरा रकाना

समुद्रातलं शेवाळ कागदाला चिकटवायला डिंक लागत नाही. ट्रेमध्ये खारं पाणी घ्यायचं, कागद बुडवायचा, वर शेवाळ पसरायचं आणि सगळं अलगद उचलायचं. त्यावर मलमल, मग टीपकागद, की घाला दाबयंत्रात. आपल्याच बुळबुळीनं ते कागदाला धरून बसतं. थेल्मा हे व्हर्नामावशीकडून शिकली, ग्रँड मनान बेटावरच्या याच शेडमध्ये.

चाळीस वर्षं मावशीनं इथली शेवाळं गोळा केली. प्रत्येक चिठ्ठीवर चार रकाने: तारीख, जागा, पाण्याची खोली, कशावर वाढलेले. खडक, शिंपला, बोटीची दोरी, काहीतरी लिहायचंच. "नाहीतर लोक म्हणतील, बाईचं शेवाळ हवेत उगवतं," मावशी म्हणायची.

आणि नेमका तोच रकाना थेल्मानं एकदा कोरा सोडला. खोल पाण्यातलं जांभळट लाल शेवाळ होतं ते, आधी कुणीच न पाहिलेलं. मावशीच्या सगळ्या आयुष्याची कमाई. कुठूनतरी वाहून आलेला तुकडा दिसतो, असा शेरा मारून संग्रहालयानं कागद परत धाडला. मावशी थेल्माला एका शब्दानं बोलली नाही. एकाहत्तर वर्षांची असताना, ऑक्टोबरात, तेच शेवाळ पुन्हा शोधायला ती एकटी होडी घेऊन गेली. होडी तेवढी सापडली.

आता मे उजाडला होता. शुक्रवारी संग्रहालयाचे हॅस्केटसाहेब सगळा संग्रह न्यायला येणार होते. सोमवारी सकाळी थेल्मा आवरायला गेली, तर रिकाम्या दाबयंत्रातले टीपकागद ओलेचिंब.

"छप्पर गळतंय तुझं," शेजारचा ऑर्लो म्हणाला. त्याच्या तोंडात नेहमीसारखं, बेटावर सगळेच चघळतात ते वाळवलेलं शेवाळ होतं.

"पाऊस कुठे झालाय, ऑर्लोकाका?"

त्यानं कागदाला बोट लावून जिभेवर टेकवलं. त्याचं चघळणं थांबलं.

"खारट आहे गं. एकटी नको येत जाऊस इथे."

तिनं कोरडे कागद घातले. मंगळवारी तेही भिजले. बुधवारी स्क्रू असे आवळलेले होते की तिला दोन्ही हातांनी हलेनात. इतकं घट्ट फक्त मावशी आवळायची.

थेल्माला भीती वाटली. त्याहून जास्त लाज वाटली.

"चुकलं माझं, मावशी," ती म्हणाली. दाबयंत्रावर तिनं एक कोरी चिठ्ठी ठेवली, शेजारी पेन ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

शुक्रवारी दाबयंत्र हॅस्केटसाहेबांनीच उघडलं.

मलमल सुटली. आत जांभळट लाल शेवाळ, ताजं, फांदी न फांदी पसरलेली. खडकाला धरणारी बुडाची पकडसुद्धा शाबूत.

"अहो, हे आधी का नाही पाठवलंत?" चिठ्ठी उचलत ते म्हणाले. "बाईंचंच अक्षर. चारही रकाने भरलेत. आता कोण नाही म्हणणार?"

मग ते वाचू लागले. शेवटचा रकाना त्यांनी दोनदा वाचला. चिठ्ठी त्यांनी थेल्माच्या हातात दिली.

तारीख कालची होती.

कशावर वाढलेले: डावं मनगट. स्त्री, वय बाहत्तर.

काल मावशीचा वाढदिवस होता.