हात लावू का?

घरीदारी सगळे तिला रेडिओ म्हणायचे. नाव नवऱ्यानं ठेवलेलं, आणि उगाच नव्हे. बाई एकदा सुरू झाली की बंद करायला बटण नाही. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही निघताना म्हणायची, "या हं पुन्हा, बायकोला घेऊन या." नवरा कपाळावर हात मारायचा. "अगं, तो पुन्हा आला म्हणजे नळ पुन्हा बिघडला!"

तर ही रेडिओ त्या दिवशी सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन प्रसूतिघरात आली, तीही बडबडतच. प्रसूतिघर म्हणजे दवाखाना नव्हे. वस्तीच्या टोकाचं बैठं घर, दोन स्वच्छ खोल्या, बोळात हात धुवायचं बेसिन आणि दोन शिकलेल्या सुइणी, थोरली नि धाकटी. तिथली एक रीत रेडिओला फार आवडायची. विचारल्याशिवाय कोणी अंगाला हात लावत नसे. नाडी बघायची असो की पोट, आधी "हात लावू का?" आणि तिनं "लावा" म्हटलं की मगच हात पुढे.

पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हा कुणाचे हात कुठून आले, तिला कळलंच नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. हे मूल तिला जिवंत हवं होतं, गळा काढून रडणारं. बाकी काही म्हणजे काही मागणं नव्हतं.

दुपारी धुकं उतरलं. असलं दाट की खिडकीतून अंगणाचं फाटक दिसेना. थोरली सुईण येताना वाटेतच अडकली. चारच्या सुमारास वीज गेली, तशी धाकटीनं बॅटरीचा दिवा लावला. "घाबरायचं नाही ताई, बाळाला यायला उजेड लागत नाही," ती हसून म्हणाली. पण तिची नजर सारखी दाराकडे जात होती. सावधगिरी म्हणून तिनं रुग्णवाहिकेला फोन केला आणि नवऱ्याच्या हातात टॉर्च दिला. "रस्त्यावर उभे राहा. धुक्यात त्यांना फाटक सापडायचं नाही."

तो निघताना बायकोकडे वळून बघत म्हणाला, "रेडिओ, बोल की काहीतरी." पण कळांनी तिची वाचाच बंद केली होती.

मग बोळातला नळ वाजला. कोणीतरी सावकाश हात धूत होतं. बराच वेळ. साबणाचा जुना, कडक वास खोलीत शिरला. आल्या वाटतं थोरल्या बाई, तिला वाटलं, आणि जीव भांड्यात पडला.

पुढच्याच कळेला डोकं बाहेर आलं, आणि तिथेच थांबलं.

"खांदा अडकलाय," धाकटी म्हणाली. आवाज अगदी शांत, पण हसू गेलेलं. "ताई, गुडघे छातीशी ओढून धरा. घट्ट." तिचे दोन्ही हात बाळाशी गुंतले होते. "ओटीपोटावर दाबायला अजून एक जण हवं होतं..." ती स्वतःशीच पुटपुटली.

कानाशी कोणीतरी वाकलं. म्हातारा, थकलेला आवाज.

"हात लावू का गं?"

"लावा!" रेडिओ किंचाळली. "विचारताय काय, लावा!"

दोन तळवे ओटीपोटावर टेकले. ओले आणि बर्फासारखे गार. त्यांनी तिरकं, नेमकं दाबलं. आत काहीतरी सुटलं, आणि बाळ सरसर बाहेर आलं. क्षणभर काहीच ऐकू येईना. मग ते रडलं. असं रडलं, असं रडलं, की आई हसत हसत हुंदके देऊ लागली.

धाकटीनं बाळाला तिच्या छातीवर ठेवलं. वार पडली, सगळं निभावलं. वजन करायची वेळ आली तेव्हा ती बाळावर वाकली. "उचलू का रे राजा?"

"त्याला काय विचारता! तो काय सांगणार?"

"सांगतात ताई. नीट बघितलं की सांगतात." मग तिनं दबक्या आवाजात विचारलं, "मघाशी तुम्ही 'लावा' कोणाला म्हणालात?"

"थोरल्या बाईंना."

"त्या अजून वाटेत आहेत."

दोघींनी खाली पाहिलं. गाऊनवर दोन तळव्यांचे ओले ठसे होते.

"त्यांच्याही आधीच्या एक बाई होत्या," धाकटी हळूच म्हणाली. "हे घर त्यांनीच सुरू केलं. जाऊन चार वर्षं झाली. अडल्या वेळी येतात म्हणे... मी आज पहिल्यांदाच..."

रेडिओला भीती वाटली नाही. तिचं मन नुसतं भरून आलं. तिनं बोळाकडे हात जोडले. "बाई, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. या हं एकदा घरी, बाळाला बघायला!"

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई... त्यांना आजवर कोणी घरी बोलावलं नव्हतं."

अकराव्या दिवशी, भर दुपारी तीन वाजता, रेडिओ घरात एकटी असताना बाळ रडायला लागलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातला नळ वाजला. तोच साबणाचा वास. मग पाळण्यापाशी आवाज आला.

"हात लावू का गं?"

तिनं पाळण्याची कड धरली. पण ज्या हातांनी बाळ जगात आणलं, त्यांना नाही कसं म्हणायचं? "लावा," ती कशीबशी म्हणाली. "पण... उचलू नका हं, बाई."

"बरं."

रडं थांबलं. झबल्यावर तळव्याएवढा ओलावा उमटला.

तेव्हापासून रोज तीनला हेच. खरं सांगायचं तर तिला आधारच झाला. तासभर डोळा लागायचा, बाळ बाळसं धरत होतं. नळापाशी ती कोरडा टॉवेल ठेवू लागली, आणि मनापासून "बाई, सुखी ठेवलंत" म्हणू लागली. नवऱ्याला मात्र यातलं एक अक्षर सांगितलं नाही. रेडिओनं जन्मात पहिल्यांदा काही पोटात ठेवलं.

बाळ पाच महिन्यांचं झालं. काल तीनला ते रडलंच नाही. रिकाम्या हवेकडे बघून खुदखुदत होतं. नळ बंद झाला. टॉवेल हलला.

"उचलू का गं?"

तिनं उत्तर दिलं नाही. दातांवर दात दाबून ती तशीच उभी राहिली. विचारल्याशिवाय बाई काही करणार नाहीत, एवढा तिला भरवसा होता.

मग तोच आवाज पाळण्यावर वाकला, अगदी मायेनं. "उचलू का रे राजा?"

आणि बाळानं हसत हसत दोन्ही हात वर केले.